परक्या लेकराचा बाप

आपल्या जळगावी १९०७ साली कविसंमेलन भरले होते. तेथे धरणगावच्या त्र्यंबक ठोमरे या कोवळ्या मुलाची कविता गाजली व तो ‘बालकवी’ झाला. पुढे रे. नारायण वामन टिळक यांनी त्यास अहमदनगरी आपल्या घरी पुत्रवत् ठेविले.

पुत्रवियोग टिळकांस ठाऊक होता. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू त्यांस काही वर्षे अंतरली होती. तरीही ठोमऱ्यांवर त्यांनी ख्रिस्ती होण्याची सक्ती केली नाही. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांचा स्वभाव तापट. रागाशी त्यांस नित्य झगडावे लागे. संसाराचा आधार असलेला मिशनचा पगारही त्यांनी १९१७ साली सोडिला.

५ मे १९१८ रोजी भादलीस ठोमरे आगगाडीखाली सापडून वारले. वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही प्रभूजवळ गेले.

आम्ही उपदेशक दुसऱ्यांच्या लेकरांस शास्त्र शिकवितो, आणि घरी स्वतःच्या लेकरांवर ओरडतो. आज सायंप्रार्थनेस बसण्यापूर्वी ज्या लेकरावर आम्ही रागावलो असू, त्यास आधी जवळ घेऊ या.