सुभेदार रामजींची पेन्शन

मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे रामजी मालोजी सकपाळ लष्करात सुभेदार झाले, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. पेन्शन घेऊन हा कोकणपुत्र स्वस्थ बसला नाही. सरकारने महारांची लष्करभरती बंद करताच न्या. रानडे यांच्या मदतीने त्यांनी अर्ज केला. १८९६ साली पत्नी भीमाबाईंचे निधन झाले. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी परळच्या चाळीत एका खोलीत बिऱ्हाड थाटले. भीमरावाला रात्री लवकर झोपवून दोन वाजता अभ्यासाला उठवत. पुस्तकासाठी लेकीचा दागिना गहाण पडला, पण पुस्तक आले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. बाबासाहेब बॅरिस्टर झाले, घटनेचे शिल्पकार झाले. ते पाहायला सुभेदार नव्हते.

आज आपल्यात पेन्शनर पुष्कळ आहेत. त्या पेन्शनीतून वस्तीतल्या एखाद्या मुलाचे पुस्तक येते काय?