शिक्षण चालू असताना गाव सुटलं तर? (डॉ. आनंदीबाई जोशी)



आमच्या मोर्शीतल्या एका आईने परवा शाळेच्या फाटकाशी मला थांबवलं. मोठी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि घर हलणार मध्य प्रदेशात. आता मुलीचं काय करायचं? आधी कॉलेजात विचारा, मग दोन्ही राज्यांच्या नर्सिंग कौन्सिलकडे चौकशी करा, एवढं मी सांगितलं. घरी येताना मात्र आनंदीबाई जोशी डोक्यात घोळत राहिल्या. पहिली भारतीय महिला डॉक्टर म्हणून आपण त्यांना वर्गात एका ओळीत उरकतो. त्यांचं शिक्षण गावं बदलत बदलत झालं, हे राहूनच जातं.

कल्याणची ही यमुना, जन्म 1865 चा. नवव्या वर्षी पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळरावांशी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. वैद्यकी शिकायची ओढ तिथून लागली.

पुढे नवऱ्याच्या बदल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, आणि 1881 मध्ये थेट कलकत्ता. प्रत्येक ठिकाणी नवं घर, नवे शेजारी, शिकणाऱ्या बाईकडे रोखून बघणारे नवे डोळे. गोपाळराव शिकवायचे, पण अभ्यासापायी मारायचेसुद्धा. ही बाजू आपण झाकू नये असं मला वाटतं.

गोपाळरावांनी कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिलं होतं. धर्म बदला, मग बघू, असं उत्तर आलं. ते काही या दोघांना मान्य झालं नाही. पण ती पत्रं तिकडच्या मासिकात छापली गेली, आणि दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आली! त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या. त्यांनी आपणहून पत्र लिहिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

फेब्रुवारी 1883 मध्ये श्रीरामपूर कॉलेजात (हे बंगालमधलं बरं का, आपल्या नगरकडचं नाही) त्यांनी भर सभेत इंग्रजीतून सांगितलं, की मी अमेरिकेला का जाते आणि हिंदू म्हणूनच परत का येणार. एप्रिलमध्ये जहाज सुटलं. वय अठरा, नवरा सोबत नाही.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने शिष्यवृत्ती दिली. तिथल्या खोलीतली शेकोटी मात्र धड नव्हती. पेटवली की धूर, विझवली की कडाक्याची थंडी. अंगावर लुगडं, जेवण शाकाहारी, खोकला वाढत चाललेला. मला इथे नेहमी थांबावंसं वाटतं. फी, कागदपत्रं सगळं आपण बघतो, पण मुलगी राहणार कुठे, जेवणार काय, हे कोण बघतं?

11 मार्च 1886 ला पदवी मिळाली. प्रबंध हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. कोल्हापूर संस्थानाने स्त्रियांच्या वॉर्डाची जागा देऊ केली होती. त्या परत आल्या, पण क्षयाने पोखरलेल्या. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

गोपाळरावांनी अस्थी अमेरिकेला पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर मावशींच्या घरच्यांच्या दफनभूमीत त्या आजही आहेत.