पाच सेंटांच्या दुकानाचा धनी

फ्रँक विनफिल्ड वूलवर्थ हे नाव न्यूयॉर्कमधील एका गगनचुंबी इमारतीमुळे आजही घेतले जाते. परंतु त्यांची खरी ओळख होती ती पाच आणि दहा सेंटांत वस्तू विकणाऱ्या दुकानांची. ती दुकाने अमेरिकेत १९९७ मध्ये आणि ब्रिटनमध्ये जानेवारी २००९ मध्ये बंद झाली. मागे उरल्या त्या तेथे काम केलेल्यांच्या आठवणी. त्या आठवणींतील गोडवा आणि कटुता, दोन्हींचे मूळ संस्थापकाच्या आयुष्यात सापडते. कारण वूलवर्थ स्वतःही एके काळी गल्लीतल्या दुकानात गिऱ्हाइकांची वाट पाहत उभा राहणारा साधा नोकरच होता.

१३ एप्रिल १८५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉडमन येथे एका शेतकरी कुटुंबात फ्रँकचा जन्म झाला. शेतीत त्याचे मन कधी रमले नाही. १८७३ मध्ये वॉटरटाउन गावातील ऑग्सबरी आणि मूर यांच्या कापडाच्या दुकानात त्याने नोकरी धरली, तीही पहिले तीन महिने बिनपगारी. गिऱ्हाइकाशी बोलून माल खपवण्याची हातोटी त्याच्यापाशी नव्हती. मात्र दर्शनी खिडकीत माल आकर्षक रीतीने मांडण्यात तो तरबेज निघाला. पुढे अधिक पगाराच्या आशेने तो दुसऱ्या दुकानात गेला. तेथे विक्री जमेना म्हणून पगार कापला गेला. प्रकृतीने दगा दिला आणि तो शेतावर परतला. १८७७ मध्ये विल्यम मूर यांनी त्याला पुन्हा कामावर बोलावले.

१८७८ मध्ये मूर यांच्या दुकानात न खपलेला किरकोळ माल एका टेबलावर मांडून सरसकट पाच सेंटांना विकण्याचा प्रयोग झाला. टेबल पाहता पाहता रिकामे झाले. हेच सूत्र घेऊन आणि मूर यांच्याकडून उधारीवर माल उचलून फ्रँकने फेब्रुवारी १८७९ मध्ये युटिका शहरात स्वतःचे दुकान थाटले. ते काही महिन्यांतच बंद पडले. त्याने हार न मानता त्याच वर्षी २१ जून रोजी पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे दुसरे दुकान उघडले. ते चालले. पाच सेंटांच्या जोडीला दहा सेंटांचा माल आला, धाकटा भाऊ चार्ल्सही या व्यवसायात उतरला आणि गावोगावी शाखा निघू लागल्या.

त्या काळी माल काउंटरच्या मागे ठेवलेला असे. नोकराला विचारल्यावाचून गिऱ्हाइकाला वस्तू हातात मिळत नसे आणि घासाघीस तर नित्याचीच. वूलवर्थ यांनी माल उघडा मांडला, किंमत आधीच ठरवून टाकली आणि मध्यस्थांना टाळून थेट कारखानदारांकडून खरेदी केली. जर्मनीतील काचफुंक्या कारागिरांनी घडवलेले नाताळचे रंगीत काचगोळे त्यांच्या दुकानांमुळे सामान्य अमेरिकन घरांत पोहोचले. आज जुन्या वस्तूंचे संग्राहक ते आवडीने जपतात.

या स्वस्ताईची दुसरी बाजू मात्र झगझगीत नव्हती. माल मांडलेला, किंमत ठरलेली. तेव्हा विक्रेत्याच्या कौशल्याची गरज उरली नाही. अल्प पगारावर तरुण मुली नेमल्या जाऊ लागल्या. स्वस्त माल विकायचा तर मजुरीही स्वस्त हवी, असे वूलवर्थ आपल्या व्यवस्थापकांना पत्रांतून बजावत असत. तीन महिने फुकट राबलेल्या माणसाने हे लिहावे, यात विसंगती आहे खरी. जुने धनी मूर अडचणीत आले तेव्हा त्यांना सावरण्यास हाच माणूस धावून गेला होता. पण व्यक्तीविषयीची ही कृतज्ञता वेतनाच्या हिशेबात कधी उतरली नाही.

१९०९ मध्ये लिव्हरपूल येथे ब्रिटनमधील पहिली शाखा उघडली. १९१२ मध्ये आप्त आणि मित्रांच्या दुकानमालिका एकत्र करून ५९६ दुकानांची कंपनी उभी राहिली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ७९२ फूट उंचीची वूलवर्थ इमारत पुरी झाली. १९३० पर्यंत एवढी उंच इमारत जगात दुसरी नव्हती. तिच्यासाठी लागलेले सुमारे १ कोटी ३५ लाख डॉलर त्यांनी रोख मोजले. तिच्या दालनात नाणी मोजत बसलेल्या वूलवर्थ यांची छोटी विनोदी शिल्पाकृती आहे. ८ एप्रिल १९१९ रोजी, सदुसष्टावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले. दातांच्या दुखण्याकडे केलेल्या दुर्लक्षातून जंतुसंसर्ग झाला होता. नव्या मृत्युपत्रावर सही करायची राहून गेली होती.

त्यांच्या पश्चात दुकाने वाढत राहिली आणि वेतनाचा जुना प्रश्नही. फेब्रुवारी १९३७ मध्ये डेट्रॉइटच्या दुकानातील शंभरावर तरुणींनी काम थांबवून दुकानातच ठाण मांडले. सात दिवसांनी कंपनी नमली. त्यांना मिळालेली पगारवाढ होती तासाला पाच सेंटांची! १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोच्या दुकानात केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या भोजन काउंटरवर चार कृष्णवर्णीय विद्यार्थी जाऊन बसले. २५ जुलैला तो काउंटर सर्वांना खुला झाला, तेव्हा तेथे प्रथम बसून जेवले ते दुकानातलेच कृष्णवर्णीय कर्मचारी. इतरांना वाढणाऱ्या हातांना आपल्याच दुकानात बसून जेवण्याचा हक्क मिळण्यास एवढी वर्षे जावी लागली.

ब्रिटनमधील ८०७ दुकाने बंद झाली तेव्हा सुमारे २७ हजार जणांची नोकरी गेली. तरीही त्या दुकानांविषयीची आपुलकी ओसरली नाही. डॉर्चेस्टरच्या शाखेतील माजी व्यवस्थापिकेने जुन्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन त्याच वास्तूत, नावात थोडा बदल करून, २००९ मध्येच पुन्हा दुकान मांडले होते. ग्रीन्सबरोच्या दुकानाचे २०१० मध्ये संग्रहालय झाले, तर तेथील काउंटरचा एक भाग वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केला आहे.

वूलवर्थ यांनी आपले स्मारक म्हणून इमारत बांधली. त्यांच्या दुकानांचे स्मरण मात्र अधिक करून काउंटरमागे उभ्या राहिलेल्यांनीच टिकवले. त्यांच्या श्रमाची किंमत हिशेबाच्या वहीत पुरती कधी मांडली गेली नाही. इतिहासाने तरी ती मांडावी.