पुण्याच्या कंपनीने २०१० मध्ये जे किट आणलं, त्यामागची आयडिया एका पत्रे ठोकणाऱ्याच्या पोराने १९०० मध्येच गाडीत बसवली होती

साल २०१०. पुण्यातल्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने एक किट जगासमोर आणलं. नाव होतं रेव्होलो.

कल्पना अशी की तुमच्या दारात उभी असलेली साधी गाडी घ्यायची, तिच्या इंजिनाच्या मदतीला एक इलेक्ट्रिक मोटर जोडायची, डिकीत बॅटरी बसवायची आणि ती बॅटरी घरच्या प्लगवर चार्ज करायची. झाली तुमची जुनी गाडी प्लग-इन हायब्रिड. सोबतीला भारत फोर्ज होती. म्हणजे सॉफ्टवेअर पुण्याचं आणि लोखंडही पुण्याचंच. मायलेज ४० टक्क्यांपर्यंत वाढेल असा कंपनीचा दावा होता आणि किंमत ६५ हजार ते दीड लाखाच्या दरम्यान असेल असं सांगितलं जात होतं.

पेपरमध्ये मोठमोठे मथळे आले. पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये हे किट बसवलेल्या गाड्या काही दिसल्या नाहीत.

असं का झालं, ते शेवटी बघू. त्याआधी एका माणसाची गोष्ट सांगायला पाहिजे. कारण इंजिन आणि बॅटरी एकाच गाडीत नांदवायचा उद्योग त्याने रेव्होलोच्या ११० वर्षं आधी केला होता आणि तोही असाच अडकला होता.

या माणसाचं आडनाव तुम्ही महागड्या स्पोर्ट्स कारवर वाचलं असेल. फर्डिनंड पोर्श.

बापाला वीज नको होती

३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातल्या माफर्सडॉर्फ गावात पोर्शचा जन्म झाला. तेव्हा हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटोन पत्र्याची कामं करायचे. थोरला भाऊ कामावरच्या अपघातात गेला, त्यामुळे दुकान आता धाकट्या पोरानेच चालवायचं हे घरात ठरून गेलं होतं.

पण पोराचं डोकं पत्र्यात नव्हतं. गावात गालिच्यांचा एक मोठा कारखाना होता आणि तिथे वीज आली होती. फर्डिनंड तिथे घुटमळायला लागला. दिवसभर वडिलांच्या हाताखाली काम आणि रात्री शेजारच्या शहरात टेक्निकल शाळेचे वर्ग. वडिलांना हा विजेचा नाद बिलकूल पसंत नव्हता. तरी पोराने खटपट करून राहत्या घरात विजेचे दिवे लावून दाखवले.

१८९३ मध्ये, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला गेला. बेला एगर या विजेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. कॉलेजात प्रवेश नव्हता, म्हणून कामावरून सुटलं की तो तिथल्या टेक्निकल कॉलेजमध्ये जाऊन गुपचूप लेक्चरला बसायचा. चार-पाच वर्षांत तो कंपनीच्या टेस्टिंग विभागाचा प्रमुख झाला.

घोडागाडी बनवणाऱ्यांना हवी होती मोटार

व्हिएन्नात तेव्हा लोनर नावाची कंपनी होती. बादशहाच्या दरबारासाठी बग्ग्या बनवणारी. घोड्यांचे दिवस संपत आलेत हे मालक लुडविग लोनर यांनी ओळखलं होतं, पण धूर सोडणारी, खडखड करणारी पेट्रोलची गाडी त्यांच्या गिऱ्हाइकांना चालली नसती. त्यांना इलेक्ट्रिक गाडी पाहिजे होती. या कामासाठी त्यांनी पोर्शला आपल्याकडे घेतलं.

पोर्शने केलं काय, तर मोटर थेट चाकाच्या आत बसवली. पुढच्या दोन चाकांत दोन मोटरी. ना गिअर, ना चेन, ना पट्टा. आज इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये हब मोटर असते, ती याच जातीची. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ही लोनर-पोर्श गाडी मांडली गेली आणि २४ वर्षांचा पोर्श एका फटक्यात युरोपभर माहीत झाला.

पण गाडीला एक दुखणं होतं. बॅटरी.

तेव्हा बॅटरी म्हणजे शिसं आणि ॲसिड. या गाडीत नुसती बॅटरीच ४०० किलोंच्या वर होती आणि एका चार्जमध्ये गाडी साधारण ५० किलोमीटर जायची. इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाइकाने चारही चाकांत मोटर असलेली गाडी बनवून घेतली, तर तिची बॅटरी भरली १८०० किलो! म्हणजे आजच्या दोन छोट्या कारइतकं वजन फक्त बॅटरीचं. गाडीची निम्मी ताकद स्वतःची बॅटरी वाहण्यातच जायची.

बरं, जास्त लांब जायचं तर जास्त बॅटरी पाहिजे, जास्त बॅटरी म्हणजे जास्त वजन आणि जास्त वजन म्हणजे पुन्हा जास्त बॅटरी. ही साखळी तोडायची कशी?

मग आली हायब्रिड

पोर्शने उलटा विचार केला. बॅटरी वाढवण्यापेक्षा वीज बनवायचं यंत्रच गाडीत ठेवलं तर?

समजा, तुमच्या सोसायटीत लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला. तो जनरेटर लिफ्टला दोर लावून ओढत नाही. तो फक्त वीज बनवतो, लिफ्ट वर नेते ती तिची मोटर. पोर्शने हेच केलं. आपल्या इलेक्ट्रिक गाडीत त्याने दोन छोटी पेट्रोल इंजिनं बसवली. ती चाकाला जोडलेलीच नव्हती. ती डायनॅमो फिरवायची, डायनॅमो वीज बनवायचा आणि ती वीज चाकातल्या मोटरींना आणि बॅटरीला मिळायची. आज याला सिरीज हायब्रिड म्हणतात.

१९०० मधल्या या गाडीचं नाव होतं सेम्पर विवुस, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सदा जिवंत. त्याच सुमारास बेल्जियममध्ये पीपर नावाचा कारखानदारही असाच खटाटोप करत होता. पण धड चालणारी पहिली पूर्ण हायब्रिड गाडी म्हणून बहुतेक वेळा पोर्शच्या गाडीचंच नाव घेतलं जातं.

पुढच्या वर्षी तिची सुधारलेली आवृत्ती आली, मिक्स्टे. तिच्यात एकच मोठं इंजिन आणि लहान बॅटरी होती. १९०२ मध्ये सैन्यात राखीव ड्युटी करताना पोर्शने याच गाडीतून आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंडला फिरवलं. हो, तोच फ्रान्झ फर्डिनंड, ज्याच्या हत्येनंतर १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं.

तंत्र पास झालं, पण धंदा नापास. गाडी महाग, जड आणि दुरुस्तीला किचकट. सगळे प्रकार मिळून लोनर-पोर्श गाड्या ३०० च्या आसपासच बनल्या. दुसरीकडे पेट्रोल इंजिन सुधारत गेलं. १९०८ मध्ये फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली. १९१२ मध्ये कॅडिलॅकने बटणावर सुरू होणारी गाडी आणली आणि हँडल मारून हात मोडून घ्यायची भीती संपली. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या बाजूला पडल्या.

सामान्य माणसाने नाकारलं, लष्कराने उचललं

१९०६ मध्ये पोर्श ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीत टेक्निकल प्रमुख झाला. इथे त्याने पेट्रोलच्या रेसिंग गाड्या बनवल्या. १९१० ची प्रिन्स हेन्री शर्यत तर स्वतः गाडी चालवून जिंकली. पण डोक्यातलं जुनं खूळ गेलं नव्हतं.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्याला अवजड तोफा डोंगरात न्यायच्या होत्या. पोर्शने रस्त्यावरची आगगाडीच बनवली. पुढच्या डब्यात इंजिन आणि डायनॅमो, तिथून केबलने वीज मागच्या प्रत्येक डब्याला आणि प्रत्येक डब्याच्या चाकात मोटर. म्हणजे मिक्स्टेचंच तंत्र, फक्त प्रवाशांच्या जागी तोफा. या तोफा बनवणारा कारखाना होता स्कोडा. याच स्कोडाने पुढे १९२५ मध्ये एक मोटार कंपनी विकत घेतली आणि आज स्कोडा-फोक्सवॅगनचा कारखाना आपल्या चाकणला आहे.

पुढे व्हिएन्नाच्या ज्या कॉलेजात पोर्श चोरून बसायचा, त्याच कॉलेजने त्याला मानद डॉक्टरेट दिली.

लोकांची गाडी, पण कोणत्या लोकांची?

१९२३ मध्ये पोर्श स्टुटगार्टला डाइमलर कंपनीत गेला. तिथे त्याने मर्सिडीजच्या गाजलेल्या रेसिंग गाड्या घडवल्या. त्याला मात्र छोटी, स्वस्त गाडी करायची होती आणि कंपनीला त्यात रस नव्हता. शेवटी १९३१ मध्ये त्याने स्वतःचं डिझाइन ऑफिस काढलं. पार्टनर होते जावई अँटोन पीएश आणि रेसिंग ड्रायव्हर ॲडॉल्फ रोझेनबर्गर.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेत आला. त्याला प्रत्येक जर्मन कुटुंबाला परवडेल अशी गाडी पाहिजे होती, हजार मार्कांच्या आत. १९३४ मध्ये ते काम पोर्शला मिळालं. त्यातून जन्मली ती बीटल.

इथून पुढची गोष्ट कंपन्यांच्या जाहिरातीत येत नाही.

रोझेनबर्गर ज्यू होते. १९३५ मध्ये त्यांचा कंपनीतला हिस्सा कवडीमोलाने काढून घेण्यात आला. त्याच वर्षी नाझींनी त्यांना अटक करून छळछावणीत टाकलं. सुटल्यावर त्यांनी देश सोडला. पोर्श १९३७ मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला, पुढे एसएसमध्येही त्याला मानाचं पद मिळालं. लोकांच्या गाडीसाठी तीन लाखांहून जास्त जर्मनांनी दर आठवड्याला बचतीचे स्टॅम्प घेऊन पैसे भरले. युद्ध सुरू झालं, कारखाना लष्करी गाड्या बनवायला लागला आणि या बचत करणाऱ्यांपैकी एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. त्या कारखान्यात हजारो युद्धकैद्यांना आणि छावणीतल्या बंद्यांना जबरदस्तीने राबवण्यात आलं.

आणि हायब्रिड? ती इथेही आली. टायगर रणगाड्याच्या स्पर्धेत पोर्शने जे मॉडेल दिलं, त्यात पेट्रोल इंजिन वीज बनवणार आणि इलेक्ट्रिक मोटर रणगाडा चालवणार होती. चाळीस वर्षांपूर्वीचंच सूत्र. पण त्याला लागणारं तांबं युद्धात मिळेना आणि चाचण्यांत यंत्रणा टिकेना. ऑर्डर दुसऱ्या कंपनीला गेली. पोर्शच्या उरलेल्या ९० च्या आसपास सांगाड्यांवर रणगाडाभेदी तोफा बसवून ती वाहनं १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत उतरवली गेली. त्यांना नाव दिलं होतं फर्डिनंड.

युद्ध संपलं. डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी पोर्शला अटक केली. सुमारे २० महिने तो तुरुंगात होता, नंतर तिथल्या कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. तोवर मुलगा फेरीने कामाचा डोलारा सावरला होता. १९४८ मध्ये पोर्श नावाची पहिली स्पोर्ट्स कार आली. ३० जानेवारी १९५१ रोजी ७५ व्या वर्षी स्टुटगार्टमध्ये फर्डिनंड पोर्शचा मृत्यू झाला.

आता परत येऊ बॅटरीवर

१९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली आणि हायब्रिड पुन्हा चर्चेत आली. पण तिची बॅटरी छोटी होती, दोन युनिटसुद्धा वीज मावणार नाही एवढी. ती चार्ज व्हायची इंजिनावर आणि ब्रेक दाबल्यावर परत मिळणाऱ्या ऊर्जेवर. प्लग नव्हताच. म्हणजे शेवटी सगळी ऊर्जा पेट्रोलचीच.

२००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही हौशी लोकांनी प्रियसच्या डिकीत जादा बॅटरी आणि चार्जर बसवून तिला प्लग-इन केलं. रोजचं थोडं अंतर घरच्या विजेवर, लांब जायचं तर पेट्रोल. गंमत म्हणजे त्यांनी पहिल्यांदा वापरल्या त्या शिसं-ॲसिडच्या बॅटऱ्या. म्हणजे पोर्शच्या काळातल्याच जातीच्या! आणि अडचणही तीच, वजन.

रेव्होलोने एक पाऊल पुढे टाकलं, कारण तिला हायब्रिड गाडीसुद्धा नको होती. भारतात तेव्हा हायब्रिड होत्या तरी किती? पोर्शच्या गाडीत इंजिन चाकाला जोडलेलं नव्हतं, रेव्होलोत इंजिन नेहमीसारखंच गाडी चालवणार होतं आणि मोटर त्याला हातभार लावणार होती. याला पॅरलल हायब्रिड म्हणतात.

मग अडलं कुठे? एक तर बॅटरीची किंमत. दुसरं म्हणजे नियम. रस्त्यावर असलेल्या गाडीत असा बदल केला तर तिची चाचणी कोण करणार, आरटीओत नोंद कशी होणार, यासाठी भारतात चौकटच नव्हती. हायब्रिड किट बसवण्याचे नियम केंद्र सरकारने केले २०१६ मध्ये. पुण्याचं किट येऊन तोवर सहा वर्षं झाली होती.

आज कुणी तुम्हाला हायब्रिडमध्ये जादा बॅटरी टाकून देतो म्हणाला, तर आधी हे विचारा. किटला एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी आहे का? आरसीवर बदलाची नोंद होणार का? वाढलेलं वजन मागचं सस्पेन्शन आणि ब्रेक पेलतील का? बॅटरी गरम झाली तर थंड कशी होणार? इन्शुरन्स आणि वॉरंटीचं काय? उत्तरं मिळाली नाहीत तर मायलेजचा हिशोब मांडायचं कारणच नाही.

सेम्पर विवुस असो, पोर्शचा रणगाडा असो किंवा रेव्होलो, मूळ कल्पना प्रत्येक वेळी चालण्यासारखीच होती. ती रस्त्यावर टिकणार की नाही, हे ठरवलं बॅटरीच्या वजनाने, तांब्याच्या तुटवड्याने, सरकारी नियमांनी आणि गिऱ्हाइकाच्या खिशाने. आणि गिऱ्हाईक कोण असावं हे ठरवायची वेळ आली, तेव्हा फर्डिनंड पोर्शने जे निवडलं, तेही त्याच्या गाड्यांइतकंच इतिहासात नोंदलं गेलंय.