मुलींसाठी वाट काढणारी ॲग्नेस

मैत्रिणींनो, शाळेत असताना तुमच्यापैकी किती जणी गाइडमध्ये होत्या? गळ्यात स्कार्फ, दोरीच्या गाठी मारायची शर्यत आणि तंबूतला तो पहिलावहिला मुक्काम! २२ फेब्रुवारीचा चिंतन दिनही आठवत असेल. स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल आणि त्यांची पत्नी ऑलेव्ह या दोघांचाही तो वाढदिवस. पण गाइडची पहिली अध्यक्ष यांच्यापैकी कुणीच नव्हतं. ती होती रॉबर्टची धाकटी बहीण ॲग्नेस. तिचं नाव मात्र आपल्यातल्या फार थोड्या जणींना ठाऊक असतं.

ॲग्नेसचा जन्म १६ डिसेंबर १८५८ चा, लंडनमधला. वडील ऑक्सफर्डला गणिताचे प्राध्यापक. ती दीड वर्षाची असतानाच ते गेले. आई हेन्रिएटा खंबीर, तिनेच मुलांना वाढवलं. भाऊ मोठे होऊन आपापल्या वाटेने गेले. ॲग्नेसने लग्न केलं नाही, ती आईजवळ राहिली. पण म्हणून ती घरात कोमेजून बसली असेल असं समजू नका हं! ती वाद्यं वाजवायची, मधमाश्या पाळायची, सायकल चालवायची. धाकटा भाऊ बेडन याला उड्डाणाचं वेड. त्याच्याबरोबर ती चक्क बलूनमधून आकाशात जाऊन आली होती. त्या काळी बायकांनी सायकलवर बसलं तरी लोक नाकं मुरडायचे!

रॉबर्टने १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं आणि १९०८ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. ते लिहिलं होतं मुलांसाठी, पण वाचलं मुलींनीही. मग काय, त्यांनीही आपापली पथकं काढली. काही जणींनी तर पूर्ण नाव न लिहिता नुसती आद्याक्षरं देऊन स्काउटमध्ये नोंदणी केली. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला हजारो स्काउट जमले. तिथे काही मुलीही गणवेश घालून हजर झाल्या. आम्हालाही यातलं काहीतरी हवं, असा त्यांचा हट्ट होता.

मुलींनी रानात भटकायचं, तंबूत झोपायचं, या कल्पनेनेच त्या वेळचे आई-बाप धास्तावले. मुली पुरुषी होतील अशी ओरड सुरू झाली. रॉबर्टने मुलींसाठी वेगळी संघटना काढायचं ठरवलं आणि जबाबदारी सोपवली बहिणीवर. १९१० मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, ॲग्नेस गर्ल गाइड्सची पहिली अध्यक्ष झाली.

घरंदाज, मृदू बोलणारी ही बाई पुढे उभी आहे म्हटल्यावर कितीतरी आयांचा जीव भांड्यात पडला असेल. १९१२ मध्ये भावाच्या पुस्तकाच्या आधारे तिने मुलींसाठी पुस्तक तयार केलं. त्यात साम्राज्याचा अभिमान होता, चूल-मूलही होतं. पण सोबत प्रथमोपचार होते, रानातला मुक्काम होता आणि घरात शिरलेल्या चोराला आठ इंच दोरीने कसं जखडावं हेही होतं! आयांना हवं ते वर ठेवून मुलींना हवं ते तिने आत घातलं, असंच मला वाटतं.

धाकट्या बहिणीही मागे लागल्या, तेव्हा १९१४ मध्ये त्यांच्यासाठी ‘रोझबड्स’ म्हणजे गुलाबकळ्या निघाल्या. मुलींना काही हे नाव आवडलं नाही. ते बदलून ‘ब्राउनी’ झालं. आपल्याकडच्या बुलबुल म्हणजे त्यांच्याच बहिणी. थोरल्या मुलींसाठी पुढे रेंजर आल्या. भारतात तर १९११ मध्येच जबलपूरला पहिलं गाइड पथक सुरू झालं होतं.

पण १९१४ मध्ये ॲग्नेसची आई गेली, महायुद्ध सुरू झालं आणि वारं फिरलं. जुन्या वळणाची ॲग्नेस नव्या मुलींना चालवणार कशी, असं म्हटलं जाऊ लागलं. तिशीही न गाठलेली भावजय ऑलेव्ह १९१६ मध्ये मुख्य आयुक्त झाली आणि १९१८ मध्ये चीफ गाइड. ऑलेव्हने काम खूप वाढवलं, यात शंका नाही. पण ॲग्नेसला १९१७ मध्ये अध्यक्षपद सोडावं लागलं. पुढे ती उपाध्यक्ष राहिली. संघटनेशी नातं मात्र तिने तोडलं नाही. २ जून १९४५ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ती गेली.

आज दीडशेहून अधिक देशांत गाइड आहेत. तरीही शिबिराच्या परवानगीची चिठ्ठी घरी आली की मुलाच्या चिठ्ठीवर लगेच सही होते आणि मुलीच्या चिठ्ठीवर घरात चर्चा बसते. सामाजिक काम करताना हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. शंभर वर्षांपूर्वीची ती धास्ती अजून पुरती गेलेली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी लेकीने अशी चिठ्ठी आणली, तर ॲग्नेसला आठवा आणि सही करून टाका!