पोरं टिकली, शिक्षकही टिकले: कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे जमवलं कसं?

उरण तालुक्यातल्या फुंडे गावात वीर वाजेकर कॉलेज आहे. शेजारच्या पनवेलमध्ये महात्मा फुले कॉलेज आहे. दोन्ही कॉलेजं एकाच संस्थेची, रयत शिक्षण संस्थेची. संस्थेचं बोधचिन्ह वडाचं झाड.

हे झाड लावलं साताऱ्यात. लावणारा माणूस स्वतः मॅट्रिकसुद्धा नव्हता.

उरण हा तसा भातशेती, मिठागरं आणि मासेमारीवर जगणारा तालुका. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि सगळं चित्र बदललं. जमिनी गेल्या, कंटेनरच्या रांगा आल्या. अशा भागातल्या बारावीच्या पोराला एक प्रश्न हमखास पडतो, शिकून नक्की काय होणार? वर्गात समोर उभ्या असलेल्या शिक्षकाचं वेगळंच काही सुरू असतं. ऑनलाइन माहिती भरा, निवडणुकीची ड्युटी करा, निकालाची टक्केवारी सांभाळा आणि उरलेल्या वेळात शिकवा.

पोरांना शिकायची इच्छा राहत नाही आणि शिक्षकांना शिकवण्यात समाधान मिळत नाही, ही तक्रार आज सगळीकडे ऐकू येते. शंभर वर्षांपूर्वी तर परिस्थिती याहून वाईट होती. शाळाच नव्हती, असली तर प्रवेश नव्हता, प्रवेश मिळाला तर पोटाला भाकरी नव्हती.

तरीही भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात पोरं टिकली. त्यांच्या शाळांत शिक्षकही टिकले. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी भाऊरावांची स्वतःची गोष्ट बघायला हवी.

नापास झालेला विद्यार्थी

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी भाऊरावांचा जन्म झाला. घराणं जैन शेतकऱ्याचं, मूळ गाव सांगलीकडचं ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी खात्यात कारकून होते. त्यांच्या नोकरीमुळे पोराची शाळा बदलत राहिली. दहिवडी, विटा असं करत करत भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये पोहोचले.

अभ्यासात ते काही चमकणारे विद्यार्थी नव्हते. गणिताशी तर कधी जमलंच नाही. व्यायाम, कुस्ती आणि मित्रमंडळींत जास्त रमायचे. इंग्रजी सहावीच्या आसपास त्यांचं शिक्षण थांबलं ते कायमचं.

पण कोल्हापुरात त्यांना दोन गोष्टी मिळाल्या, ज्या पुस्तकात नव्हत्या.

पहिली म्हणजे अपमान. कोल्हापुरात ते जैन बोर्डिंगमध्ये राहायचे. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं, त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं की अंघोळ करून शुद्ध व्हा, मगच जेवायला बसा. भाऊरावांनी नकार दिला. त्यांना बोर्डिंगमधून काढून टाकण्यात आलं. डोक्यावरचं छप्पर गेल्यावर विद्यार्थ्याचं काय होतं, हे त्यांनी त्या दिवशी स्वतः अनुभवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचा सहवास. बोर्डिंग सुटल्यावर महाराजांनी त्यांना आसरा दिला. बहुजनांच्या पोरांना शिकवायचं असेल तर शाळेआधी राहण्याजेवणाची सोय करावी लागते, हे शाहू महाराज कोल्हापुरात प्रत्यक्ष करून दाखवत होते. भाऊरावांनी ते जवळून बघितलं.

शिकवणी, नांगर आणि तुरुंग

शिक्षण सुटल्यावर भाऊराव साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना मास्तर म्हणायचे. पुढं किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायचं काम मिळालं. नांगर विकायचा म्हणजे गावोगाव फिरायचं, शेतकऱ्याच्या बांधावर जायचं, त्याच्याशी बोलायचं. या फिरतीत त्यांना एक गोष्ट कळली. शेतकऱ्याला पोरगं शाळेत पाठवायचं असतं. पण गावात शाळा नसते, आणि शहरात ठेवायला पैसा नसतो.

याच काळात १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासण्याचं प्रकरण घडलं. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्या विरोधात साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्या जैन बोर्डिंगमधून त्यांना काढलं होतं, त्याचा कारभार तेव्हा लठ्ठ्यांकडेच होता. जुना हिशोब चुकता करायची आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायला नकार दिला आणि तुरुंगवास सोसला.

सुटल्यावर ते पुन्हा कामाला लागले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा नांगराचा कारखाना उभा राहण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. पुढं कूपर यांच्याशी मतभेद झाले आणि भाऊरावांनी कारखान्याचा रस्ता सोडला.

तोपर्यंत त्यांनी दुसरं काम हाती घेतलेलं होतं. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नावातच सगळं आलं. रयत म्हणजे कष्टकरी जनता, आणि ही तिच्या शिक्षणाची संस्था.

एका ताटात अठरापगड

१९२४ मध्ये संस्थेचं काम साताऱ्यात आलं आणि तिथं वसतिगृह सुरू झालं. मराठा, जैन, मुस्लिम, महार, मांग, सगळ्या जातीधर्माची पोरं एका छताखाली. स्वयंपाक एकत्र, पंगत एकच. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आलं.

आज हे वाचायला सोपं वाटतं. पण त्या काळात दलित मुलांसोबत जेवतो म्हटल्यावर घरचे, गावचे आणि जातीचे लोक विरोधात उभे राहायचे. देणग्या थांबायच्या.

मग वसतिगृह चालायचं कशावर?

एक आधार होता गावोगावहून गोळा होणाऱ्या मूठमूठ धान्याचा. दुसरा आधार होता भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या सोवळंओवळं पाळणाऱ्या जैन घरातून आल्या होत्या. तरी वसतिगृहातल्या सगळ्या पोरांचं त्यांनी आईच्या मायेनं केलं. एकदा पोरांना खायला धान्य उरलं नाही, तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही विकलं.

१९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचं पहिलं हायस्कूल सुरू व्हायला तेव्हा अजून दहा वर्षं होती. आपण कशासाठी सोनं विकलं, याचं पूर्ण रूप त्यांना बघायला मिळालंच नाही.

पोरं टिकली ती कशामुळे?

भाऊरावांची सगळ्यात गाजलेली योजना म्हणजे कमवा आणि शिका. विद्यार्थ्यानं रोज काही तास शेतात, बागेत, बांधकामावर किंवा स्वयंपाकघरात काम करायचं आणि त्या श्रमातून शिक्षण आणि जेवणाचा खर्च भागवायचा. १९४० मध्ये साताऱ्यात सुरू झालेलं महाराजा सयाजीराव हायस्कूल याच पद्धतीवर चालणारी मोफत निवासी शाळा होती. १९४७ च्या छत्रपती शिवाजी कॉलेजातही हीच पद्धत राहिली.

वरवर बघितलं तर ही पैशांची सोय होती. पण तिचा खरा परिणाम पोरांच्या मनावर झाला.

गरीब विद्यार्थ्यावरचा सगळ्यात मोठा ताण फक्त अभ्यासाचा नसतो. आपण कुणाच्या तरी उपकारावर जगतोय ही भावना त्याला आतून खात असते. कमवा आणि शिका योजनेनं नेमकं तेच काढून घेतलं. सकाळी खोरं चालवलेलं पोरगं दुपारी वर्गात बसायचं ते ताठ मानेनं. शिवाय शेजारी बसलेला पाटलाचा पोरगाही तेच खोरं चालवून आलेला असायचा.

पुढं अमेरिकेतल्या एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाची प्रेरणा आतून कशी येते यावर सिद्धांत मांडला. त्यांच्या मते त्यासाठी तीन गोष्टी लागतात. आपला निर्णय आपल्या हातात आहे असं वाटणं, आपल्याला हे जमतं असं वाटणं आणि आपली माणसं सोबत आहेत असं वाटणं. या चष्म्यातून साताऱ्याचं वसतिगृह बघितलं तर तिन्ही गोष्टी तिथं सापडतात. शिक्षण स्वतःच्या कष्टाचं, हाताला काम जमल्याचा विश्वास आणि एका पंगतीची सोबत.

त्याचं फळही दिसलं. याच वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील हे गरीब घरातले विद्यार्थी पुढं इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. परत येऊन रयतमध्येच प्राचार्य झाले आणि नंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू.

आणि शिक्षक?

भाऊरावांच्या गोष्टीत विद्यार्थ्यांबद्दल भरपूर बोललं जातं, शिक्षकांबद्दल कमी. खरं तर खेड्यात जाऊन राहील असा शिक्षक मिळवणं हे शाळा बांधण्याहून अवघड काम होतं.

त्यावर भाऊरावांनी काढलेला तोडगा साधा होता. शिक्षक बाहेरून आणायचा नाही, रयतेतूनच घडवायचा. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केलं. इथं शिकलेली खेड्यातली तरुण मंडळी पुन्हा खेड्यात शिकवायला जाऊ लागली. ज्या गावात शाळाच नव्हती तिथं व्हॉलंटरी शाळा निघाल्या. जो शिक्षक कालपर्यंत स्वतः अनवाणी शाळेत गेला होता, त्याला समोरचं अनवाणी पोरगं का उशिरा आलं हे विचारावं लागत नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मालकी. संस्थेत आजीव सेवकांची पद्धत होती. आपलं आयुष्य संस्थेला देणारे शिक्षक संस्थेच्या कारभारातही सहभागी असायचे. त्यामुळे शाळेचं बरंवाईट हे वरून आलेल्या आदेशाचं प्रकरण राहिलं नाही, ते आपलं काम झालं.

तिसरी गोष्ट म्हणजे वरच्या माणसाचं वागणं. भाऊराव स्वतः खादीच्या साध्या कपड्यांत, अनवाणी फिरायचे. शिक्षकाला त्याग शिकवणारा माणूस गाडीतून उतरत नव्हता.

सगळ्यात मोठी परीक्षा

गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावानं १०१ हायस्कूल काढण्याचा संकल्प सोडला. पण त्याच वर्षी, १९४८ मध्ये, संस्था जवळपास कोसळायची वेळ आली.

भाऊरावांनी जाहीर भाषणातून सरकारवर टीका केली. बाळासाहेब खेर तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. या टीकेनंतर सरकारनं संस्थेचं अनुदान बंद केलं. शाळा वाढत होत्या, पोरं वाढत होती आणि शिक्षकांचे पगार करायला पैसा नव्हता.

भाऊरावांपुढं दोन रस्ते होते. माघार घ्यायची किंवा लोकांकडे जायचं. ते लोकांकडे गेले. लोकांनी पुन्हा वर्गणी दिली, धान्य दिलं. शेवटी गाडगेबाबांनी खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. पुढं १९५४ मध्ये कराडला संस्थेचं कॉलेज निघालं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराजांचं.

९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं आणि पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली होती. सहावीत अडकलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यावर तोवर ३८ वसतिगृहं, ५७८ व्हॉलंटरी प्राथमिक शाळा, १०८ माध्यमिक शाळा, ६ अध्यापक विद्यालयं आणि ३ महाविद्यालयं जमा होती. आज संस्थेच्या शाखा सातशेच्या पुढं आहेत.

मग आज यातून घ्यायचं काय?

भाऊरावांची गोष्ट सांगताना एक चूक सहज होते. त्यांनी त्याग केला, मग आजच्या शिक्षकांनीही तक्रार न करता राबावं, असा अर्थ काढला जातो. हा अर्थ सोयीचा आहे, पण बरोबर नाही.

लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र विकलं गेलं, कारण त्या पोरांच्या जेवणाची जबाबदारी तेव्हा कुणीच घेतली नव्हती. अनुदान थांबल्यावर हाल झाले, कारण पगाराला पैसा लागतोच, नुसत्या निष्ठेवर शाळा चालत नाही हे भाऊरावांनाही माहीत होतं. म्हणून तर त्यांनी अनुदानाची गरज कधी नाकारली नाही. त्याग ही त्या काळाची मजबुरी होती. तिला कायमचं धोरण बनवायचं म्हटलं तर शिक्षक मोडून पडेल.

मात्र अनुदान होतं तेव्हाही आणि नव्हतं तेव्हाही जे टिकलं, ते घेण्यासारखं आहे. विद्यार्थ्याला मदत देताना त्याची मान खाली जाणार नाही ही काळजी. शिक्षकाला कामासोबत कारभारात दिलेला आवाज. आणि नियम करणाऱ्यानं आधी स्वतः तो पाळणं.

फुंड्यातल्या किंवा पनवेलमधल्या वर्गात बसलेल्या मुलापुढं आज धान्य संपल्याचा प्रश्न कदाचित नसेल. पण शिकून काय होणार, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर प्रेरणादायी भाषणातून मिळेल असं भाऊरावांना कधी वाटलं नाही. त्यांनी पोराच्या हातात खोरं दिलं, ताटात भाकरी दिली, शेजारी वेगळ्या जातीचा मित्र बसवला आणि समोर त्याच्यासारख्याच घरातून आलेला शिक्षक उभा केला.

शिकायची इच्छा त्यातून आपोआप आली.