दुसऱ्याच्या दुकानातला कोपरा

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना मी आधी पाहायचो, जागा कोणाची आणि पाटी कोणाची. चार्ल्स फ्रेडरिक वर्थचे आयुष्य वाचतानाही हाच प्रश्न मनात आला.

१८२५ साली इंग्लंडमधल्या बोर्न गावी तो जन्मला. वडील वकील, पण त्यांचे दिवाळे वाजले आणि पोर लहानपणीच कामाला लागले. लंडनच्या कापडदुकानात उमेदवारी करून विशीत तो पॅरिसला गेला, गॅजलँ पेढीत विक्रेता झाला. तिथे मारी व्हर्ने गिऱ्हाइकांना शाली पांघरून दाखवी. पुढे ती त्याची पत्नी झाली. तिच्यासाठी वर्थने साधे, नेटके झगे बेतले, तर बायका शाली सोडून झग्यांचीच चौकशी करू लागल्या! मग मालकांचे मन वळवून त्याने त्याच दुकानात कपडे शिवण्याचे खाते उघडले. १८५१च्या लंडन प्रदर्शनात माल गेला, तो पेढीच्या नावाने.

१८५८च्या सुमारास बोबर्ग या स्वीडिश भागीदारासह त्याने स्वतःचे दुकान थाटले. सम्राज्ञी युजेनी गिऱ्हाईक झाली. कपड्याच्या आत त्याच्या नावाची पट्टी शिवली जाऊ लागली. १८९५ साली तो वारला.

आज मोठ्या दुकानांत फॅशनकारांचे कोपरे असतात, वर त्यांचे नाव झळकते. वर्थला कोपरा मिळाला होता. नावासाठी मात्र दुकान सोडावे लागले.